जेवान झालंय माझं

खानापुरात मलप्रभेच्या काठाला एक खानावळ आहे. फिरतीवर गेलो की मी तिथंच जेवतो, एकटाच. ताट आलं की मालक समोरच्या बाकाशी येतात. "बसू न्हवं? जेवान झालंय माझं," म्हणतात, आणि तोवर बसलेलेही असतात.

पहिल्यांदा मला राग आला होता. परका माणूस तोंडाकडं बघत बसला की घास उतरत नाही. पण ते माझ्याकडं बघतच नसत. खिडकीतून नदीकडं मान वळवून बोलत राहत. कणकुंबीकडं लई पाऊस लागलाय, पाणी चढलंय, असलंच कायतरी. मधेच आत हाक मारून कन्नडमधून गरम भाकरी मागत. मी हात धुवायला उठलो की तेही उठत. चार माणसं मिळून जेवायला आली तर मात्र तिकडं फिरकत नसत.

हळूहळू बेळगावात घरी जेवताना मला समोरची खुर्ची रिकामी दिसायला लागली.

गेल्या खेपेला बस लवकर पोचली. खानावळ अजून उघडायची होती. मागं नदीच्या पायऱ्यांवर मालक ताट मांडीवर घेऊन एकटेच घाईघाईनं जेवत होते. मला बघून अवघडले आणि उठायला लागले. मी त्यांच्यापुढं एक पायरी खाली जाऊन बसलो.

"तुमचं जेवान व्हायचं असंल न्हवं, अण्णा?"

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"बसा मालक. जेवण झालंय माझं," मी म्हटलं आणि पाण्याकडं मान वळवली.