माझ्या गाडीविषयी मी जे सांगत आलो

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता. जुनी घे, कुणीतरी चार वर्षं चालवून पाहिलेली घे. मी ऐकलं नाही. कंपनीचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं, आणि आयुष्य पुस्तकांत गेलेल्या माणसाला छापील शब्दाची जी भीड वाटते ती मला त्या गुळगुळीत कागदाचीही वाटली. त्यात गाडीचा उल्लेख 'सोबती' असा होता. परवडणारी, आटोपशीर, घाटात न दमणारी. खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत असंही छापलं होतं की चित्रातली गाडी आणि प्रत्यक्षातली गाडी यांत फरक असू शकतो. संपूर्ण पत्रकातलं ते एकमेव खरं वाक्य मी चष्मा न लावल्यामुळे वाचलं नाही.

हायवेलगतच्या त्या शोरूममध्ये गाडीवर लाल सॅटिनचं कापड घातलं होतं, अनावरणाआधी पुढाऱ्याच्या पुतळ्यावर घालतात तसं. मी आणि बायकोनं ते दोन टोकांनी ओढायचं, कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मग केक, मग माणसाएवढी पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, त्यामुळे तो एका हातानं स्वतःच्या मांडीवर टाळ्या वाजवत होता. चाकांखाली लिंबं ठेवली गेली. गाडी लिंबांवर चढली आणि उतरायच्या आधीच बंद पडली.

"नवीन आहे ना साहेब, लाजते," विक्रेता म्हणाला. सगळे हसले.

"नाही, माझाच क्लच चुकला," मी म्हणालो.

माझा क्लच चुकला नव्हता. गाडीच्या वतीनं मी बोललेलं ते पहिलं खोटं, आणि ती अजून शोरूमच्या फरशीवरच उभी होती.

पुढच्या तीन वर्षांचा तपशील सांगून वाचकाला छळत नाही. पुढच्या बंपरचा पांढरा आणि बाकीच्या गाडीचा पांढरा हे दोन वेगळे पांढरे आहेत, हे पहिल्याच उन्हात कळलं. मागचा वायपर भर उन्हाळ्यात आपणहून सुरू होई. धुतल्यानंतर दोन दिवस डाव्या दारात पाणी हिंदकळत राही, वळणावर तर मागे कुणी कळशी घेऊन बसलंय असं वाटे. पण हे सगळं संसारात चालतं. खरं दुखणं वेगळं होतं. गाडी तापली आणि समोर चढ आला की तिचा जोर जाई. आधी पिवळा दिवा लागे, मग एक हिसका, मग शांतता. बोरघाटात ती दोनदा अशी थांबली. सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला गृहस्थ दर वेळी तिच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणे, "सगळ्याच गाड्यांना असतं, सर." त्यानं चार वेळा सेन्सर बदलला. काम झाल्यावर कंपनीतून फोन येणार, तेव्हा दहापैकी दहाच द्या, नाहीतर आमचं इन्सेंटिव्ह जातं, असं तो हात जोडून सांगे. मी दर वेळी दहा दिले. कंपनीच्या दप्तरी मी एक अतिशय सुखी माणूस आहे.

आणि बाहेरही तेच. आमच्या खोपोलीत शिळफाट्यावर भाजी घेताना कुणीतरी विचारायचंच, "काय, किती देते?" गाडीवाल्याला आपल्याकडे तब्येत नंतर विचारतात, लिटरला किती जाते ते आधी. मी म्हणायचो, "बावीस." ती चौदा देत होती. पण ज्यांनी 'नवी घेऊ नको' म्हटलं होतं त्यांच्याच तोंडावर चौदा म्हणायला जीभ उचलत नसे. घाटातून क्रेनच्या मागे लटकून आलो त्या दिवशी मी पोशीरला धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं, हवा इतकी सुरेख होती की लोणावळ्यालाच राहिलो. बायकोनं शेजारून ऐकलं. "पुढच्या वेळी महाबळेश्वर सांगा," ती म्हणाली. "तिथली हवा जास्त चांगली असते."

लोकांच्या सत्कारांवर, शालींवर, भाषणांवर मी आयुष्यभर हसत आलो. स्वतःच्या दारातल्या पत्र्याचा सत्कार मात्र मी रोज एकट्यानं करत होतो, आणि ते मला दिसत नव्हतं.

बहीण शिक्षिका आहे. तिची शाळा कशेळ्याच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीवर. पोशीरहून निघायचं, कशेळ्याला उतरायचं, तिथे जीप भरेपर्यंत बसायचं आणि जीप सोडेल तिथून चालायचं. सुट्टीत ती गाडी शिकली. शिकवणाऱ्यानं सांगितलं, बाई, तुमचा हात चांगला आहे. मग तिनं गाडी घ्यायची ठरवली, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका शनिवारी दुपारी मला म्हणाले, "दादा, सोमवारी बुकिंग करतो. तुमची हाय तीच. रंगबी तोच."

मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. चहा हातात होता. ती वाडी मी पाहिली होती. शेवटच्या टप्प्यात दोन उभे चढ आहेत, दोन्ही बाजूंना झाडी, मोबाइलला रेंज नाही आणि दुपारी रस्त्यावर माणूस नाही. माझी गाडी नेमकी कुठल्या वळणावर हिसका देईल, ते मला तिथे बसल्याबसल्या दिसलं. फक्त आत मी नव्हतो, ती होती.

"दाजी, ती गाडी घेऊ नका," मी म्हणालो.

"कंची?"

"माझी. माझ्यासारखी."

"का वो? काय झालं?"

"चांगली नाही."

दाजींनी कप खाली ठेवला. "पाडव्याला त बावीस देते म्हनालात."

"चौदा देते."

"नि घाट? घाटात पाखरासारखी जाते म्हनालात ना?"

"दोनदा बंद पडली. एकदा क्रेननं आणली. लोणावळ्याला राहिलो म्हटलं ना, तेव्हा."

भातशेती सांभाळून खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारा हा माणूस सहसा शांत असतो. दाजी हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही.

"म्हंजे तीन वर्सं गाडी बरी होती," ते म्हणाले, "नि आमी घेतो म्हनल्याबरोबर खराब झाली."

"दाजी, तसं नाही."

"नाय, नाय. कळलं. खोपोलीला एक नि पोशीरला एक, दोन-दोन कशाला, नाय का? बहिनीच्या दारात दिसली त तुमच्या दारातलीचं काय र्‍हायलं?"

मी तीन वर्षं खोटं बोललो, तर त्यावर कुणी शंका घेतली नाही. पहिलं खरं वाक्य तोंडातून निघालं आणि मी लबाड ठरलो. यात अन्याय झाला असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

बहीण आतून हात पुसत आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, मग तीन वर्सं काय बोलत होतास रं?"

"खोटं."

"का?"

"सगळ्यांनी नको म्हणून सांगितलेली गाडी होती ती."

तिनं ते पटल्यासारखी मान हलवली. मग म्हणाली, "आणि आता खरं बोलतोयस, ते कशावरून समजायचं?"

मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"किल्ली दे," ती म्हणाली. "शाळेपर्यंत मी चालवते. अहो, तुम्ही पण चला."

आम्ही निघालो. ती चालवायला, मी शेजारी, दाजी मागे पाय पसरून. आणि गाडी चालली. मी हे कसं सांगू? तीन वर्षांत ती इतक्या शहाण्यासारखी चालली नव्हती. कशेळ्याच्या बाजारातून ती नव्या सुनेसारखी खाली मान घालून गेली. कशेळं मागे टाकल्यावर दाजी मागून सुरू झाले.

"काय पिकप हाय गं! दादा, हीच ना ती बंद पडनारी? का वाटंत बदलून आनलीत?"

मी बहिणीला एसी बंद करायला सांगितलं.

"हवाबी चांगली हाय हितली. र्‍हायचं का मुक्कामाला?"

पहिला चढ आला. जिच्यासाठी मी देवाला कधी काही मागितलं नव्हतं त्या गाडीसाठी मी पहिल्यांदा मागणं मागितलं, की हिला बंद पाड. बहिणीसमोर, दाजींसमोर, आत्ता, इथे. गाडी चढली. दुसरा चढ आला. गाडी तोही चढली. थोडी कण्हली, पण चढली. वर शाळेची कौलं दिसली आणि दाजींनी मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. थाप प्रेमाची नव्हती.

शाळेसमोरच्या आंब्याखाली बहिणीनं गाडी उभी केली आणि किल्ली फिरवली.

"झालं? करू ना बुकिंग?" दाजी म्हणाले.

ती उतरली नाही. माझ्याकडे वळली.

"दादा, दोन्ही हात वर कर."

"काय?"

"वर कर रं."

मी उजवा हात वर केला. डावा डॅशबोर्डच्या खाली होता.

"तो काय धरून बसलाय?"

मी खाली बघितलं. माझ्या दोन बोटांत एक काळी वायर दाबलेली होती. ती सुटली की पिवळा दिवा लागतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं होतं. ती मी कधी पकडली, खरंच आठवत नव्हतं.

"आणि हा गुडघा?"

गुडघा समोरच्या खणाला टेकलेला होता. तो नाही टेकला तर खण उघडतो आणि वायरीवर पडतो.

"अहो, तुम्ही मागे पिकप बघत होतात," ती दाजींना म्हणाली, "मी याच्याकडे बघत होते. पहिला चढ यायच्या आधी यानं काय सांगितलं? एसी बंद कर. मग काय? खाली थांब जरा, इंजिनाला दम खाऊ दे. दोन मिनिटं थांबलो की नाही आपण? मला वाटलं याला जनावर दिसलं. मग दुसरा गिअर टाक आणि दांड्यावरचा हात काढू नको, उडतो तो. मग वळणावर काच खाली कर. कशाला रं काच?"

"आत वास आला की कळतं," मी म्हणालो. "तापल्याचं."

"म्हंजे नाकबी पायजे," ती म्हणाली. चिडली की तिची भाषा शाळेतून घरी येते.

मागे दाजींनी पसरलेले पाय आवरून घेतले.

"चौथीतल्या पोराचा गृहपाठ बापानं लिवला तर मला अक्षरावरनं कळतं," ती म्हणाली. "उत्तरं बरोबर असतात, पोराला विचारलं की गप. ही गाडी दादानं आणली वर. मी नुसती चाकाला धरून बसले होते. मी रोज एकटी येनार हाय. वायर कोन धरनार? गुडघा कुनाचा आनू?"

मला त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटलं नाही. इतकी वर्षं मी लोकांशी खोटं बोलतोय एवढंच मला ठाऊक होतं. हात, गुडघा आणि नाकसुद्धा त्या कंपनीच्या नोकरीला लागलेत, आणि तेही बिनपगारी, याची मला कल्पना नव्हती. कंपनीनं गाडी अर्धी बनवून विकली होती. उरलेली अर्धी मी होतो.

दाजींनी उतरायचा प्रयत्न केला. मागचं दार आतून उघडत नाही. मी नेहमीच्या सवयीनं उतरलो, फेरी मारून गेलो आणि बाहेरून दार उघडून दिलं. बहीण काचेतून बघत होती. तिनं मोजल्यासारखं आणखी एक बोट उचललं.

परतताना ती मागे बसली, दाजी पुढे, आणि मी चालवली. पहिल्याच उतारावर दाजींनी न सांगता पुढच्या खणाला गुडघा लावला.

बुकिंग झालं नाही. पुढचं सत्र तिनं जीपनंच काढलं, आणि त्या सत्रात ती माझ्याशी फोनवर दोन-दोन वाक्यांपलीकडे बोलली नाही. रागाचं कारण गाडी नव्हतं. दिवाळीनंतर तिनं नेरळच्या एका निवृत्त डॉक्टरांची जुनी, उडालेल्या निळ्या रंगाची गाडी घेतली. घेण्याआधी त्यांना शेजारी बसवून ते दोन चढ तीनदा चढली, आणि तिन्ही वेळा त्यांना हात मांडीवर ठेवायला लावले. डॉक्टरांना त्याचं कारण तिनं सांगितलं नाही.

माझी विकली जात नाही. चढावरची हकिगत कर्जतपर्यंत पोचली, कारण ती मीच सांगत सुटलो. खरं बोलायची सवय उशिरा लागली की माणूस जरा अतीच करतो. दाजी मात्र आजही कुणी विचारलं की आपलंच म्हणणं पुढे करतात, "गाडी चांगली होती वो. दादालाच बघवलं नाय." मी समोर असलो तरी म्हणतात. मी चहा पितो.

बहीण रोज एकटी जाते. शाळेच्या ओट्यावर थोडी रेंज येते. पहिला आठवडाभर पोचल्या पोचल्या तिथून ती मला फोन करायची, "पोचले रं." दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी तिचा फोन आला नाही. मी अकरापर्यंत वाट बघून शेवटी लावला, तर मागून पोरांचा पाढ्यांचा गलका ऐकू आला. ती म्हणाली, "विसरलेच की. काय काम होतं?"