न झालेल्या कायद्याला उत्तरं

टायपिस्टकाकांना आता कुणी टायपिंगचं काम देत नव्हतं. तरी सकाळचा चहा झाला की ते कॉम्प्युटरपुढे बसत आणि उत्तरं टाइप करत. गादीवाल्याला, टकलावर केस उगवणाऱ्या तेलवाल्याला, परदेशात घर घ्या म्हणून मागे लागलेल्या कुणा एजंटाला. मजकूर एकच, पण प्रत्येकाला नव्यानं: ‘महोदय, आपल्या मेलच्या तळाशी नमूद केलेल्या कलमान्वये विनंती की माझे नाव आपल्या यादीतून वगळावे.’ एकाचा मजकूर दुसऱ्याला चिकटवणं त्यांना पटत नसे. विनंती म्हणजे विनंती.

कलमाची भानगड अशी होती. त्या प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरांत लिहिलेलं असे, की सदर मेल अमुक कायद्याच्या अमुक कलमानुसार अनाहूत जाहिरात मानता येणार नाही, कारण यात नाव वगळण्याची सोय दिलेली आहे; नको असल्यास उलट उत्तर द्यावे. चारचौघं तिथवर वाचतच नाहीत. काकांची हयात मात्र एका वकिलाच्या ऑफिसात गेली होती. तिथं साहेबांचा दंडक होता, कलमाचा आकडा पुस्तकात पडताळल्याशिवाय कागद दाराबाहेर जायचा नाही. एकदा आकडा चुकला, तर साहेबांनी त्यांच्याकडून अख्खा दावा पुन्हा टाइप करून घेतला होता. तेव्हा छापील कलम दिसलं, की कुणीतरी पुस्तक उघडून पाहिलेलं असणारच, हे काकांनी गृहीत धरलं होतं.

“बाबा, उत्तर देऊ नका म्हणून सांगितलं होतं ना?” दुसऱ्या शहरातून लेक फोनवर करवादायची.

“कायद्यानं दिलेली सोय आहे. ती न वापरता तक्रार कुठल्या तोंडानं करायची?”

“अहो, चोराला पत्र टाकून कळवताय तुम्ही, की आम्ही घरीच असतो म्हणून!”

“करू दे गं,” बायको आतून म्हणायची. “जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. आता स्वतःला यायला लागली, तर सोडतील होय!”

पत्रं तर येतच होती. एकाला ‘वगळा’ म्हटलं, की दुसऱ्या दिवशी त्याचे चार भाऊबंद दारात हजर. काका त्यांनाही उत्तरं देत. बोटं दुखत, पाठ धरे, पण अर्धवट काम सोडून उठायची सवय नव्हती.

बायकोचा मोतीबिंदू पिकला होता. सरकारी इस्पितळात नाव लावलं होतं. ऑपरेशनची तारीख मेलनं येणार होती आणि मुदतीत होकार कळवला नाही, तर जागा पुढच्या नंबराला जाणार होती. ती आता जिना पायानं चाचपत उतरायची. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा “या वयात गोडी उरते कुठे!” म्हणून तिनं वेळ मारून नेली. काका तो चहा प्यायले.

तारीख येईना, तेव्हा ते इस्पितळात गेले. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर पाहिलं.

“काका, तारीख गेली की तुमची. मेल पाठवला, परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. पेटी भरलीय तुमची.”

“मी रोज बसतो हो त्याच्यापुढे. आधीच्यांचीच उत्तरं अजून संपली नाहीत.”

“नुसतं बसून काय होतंय? जुनं पुसत जा.”

पुसायचं कसं? प्रत्येक जाहिरात आणि तिला दिलेलं उत्तर त्यांनी जपून ठेवलं होतं. उद्या दावा लावायचा झाला, तर पुरावा नको? ऑफिसात तेच शिकले होते.

“मग आता?”

“नव्यानं नंबर. उन्हाळा उलटेल.” बाईंनी त्यांच्या मागच्या माणसाकडे पाहिलं. “फोन नंबर द्या. मधे कुणी रद्द केलं, तर कळवते. भरवसा धरू नका.”

नंबर देऊन काका सरळ घरी गेले नाहीत. जुन्या ऑफिसात गेले. साहेबांच्या खुर्चीत आता साहेबांची मुलगी बसत होती. काकांनी कलम तोंडपाठ सांगितलं. तिनं ते कॉम्प्युटरवर शोधलं.

“पुस्तकातही बघा,” काका म्हणाले.

“पुस्तकात कुठून असणार, काका? असा कायदाच नाही. विधेयक आलं होतं एकदा, ते बारगळलं. कुणीतरी त्यातला मजकूर उचलला, बाकीच्यांनी त्याच्यावरून उतरवून घेतला.”

“पडताळला नाही कुणीच?”

“पडताळायला ते थोडंच लिहितात! वाचणारा दबला की काम झालं. आणि कायदा असता, तरी ‘ही जाहिरात नव्हे’ असं स्वतःच लिहून कुणी सुटतं का?”

“दावा लावता येईल?”

“कुणावर? खालचा पत्ताही खोटाच असतो.” तिनं चहा मागवला. काका नको म्हणाले.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. त्यांनी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं: तारीख आली होती, माझ्यामुळे गेली. कायदा नव्हताच, हेही सांगितलं.

तिनं जुडीतलं पुढचं पान बोटांनी चाचपून उलटलं.

“म्हणजे उन्हाळाभर असंच,” ती म्हणाली.

“हो.”

“मग ते डबडं बंद करा आणि ही जुडी घ्या. अळ्या मला दिसत नाहीत.”

काकांनी चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी बसून पहिलं पान उजेडाकडे धरलं.