सोनेरी कार्डावरचं फुकट जेवाण

ऐका, पण हसायचं नाय. जो हसंल त्याचा च्या बंद! अशी फजिती आपल्या देवळा गावात कुणाची झाली नसंल.

मोबाईल नवे व्हते तवाची गोष्ट. मी नाशकात द्वारका चौकात उभा, तर बँकेच्या एका टायवाल्या एजंटानं गाठलं. "काका, सोनेरी कार्ड घ्या. वर्षाला दोन हजार फी, पण सवलती बघा! विमानतळावर खास खोली, गार हवा, पाहिजे तेवढं जेवण, सगळं फुकट!"

घेतलं.

घरी आमची मंदा भडकली. "अवो, त्या खोलीत असं काय हाय दोन हजाराचं?"

हेच तर मला बी बघायचं व्हतं! काय असंल? पुरणपोळी? का मटण? गादीवर बसवून वाढत असतील?

मंदानं दमच भरला, "म्हैन्याभरात फी वसूल करा, नायतर आडकित्त्यानं कार्ड कापते!"

आडकित्ता तिच्या माहेरचा. सुपारी काय, खिळा कापंल! म्हणून मी त्यो गुपचूप खिशात टाकला, कांद्याच्या ट्रकात बसून वाशी गाठली, तिथून थेट मुंबईचं विमानतळ. जेवायला रिकाम्या हातानं कसं जायचं? पिशवीभर कांदा घेतला.

दारावर शिपाई. "काका, तिकीट?"

"मला उडायचं नाय, जेवायचंय! कांदा कुणाकडं देऊ?"

"तिकिटाशिवाय आत सोडत नाही."

डोकंच फिरलं माझं. "फी घेताना इचारलं व्हतं का तिकीट?"

मागं सगळी सुटाबुटातली माणसं बघाय लागली. आता माघारी फिरू? मी? खिडकीवर गेलो. "कुठलं बी द्या, पण आत्ताचं द्या!" त्याच कार्डावर काढलं तिकीट.

आत पोलिसानं खिसा चाचपला. आडकित्ता निघाला.

"हे नेता येणार नाही."

"अवो, सुपारीचा हाय!"

"धार आहे ना?" म्हणला, आन् टाकला डब्यात.

आन् ती खोली? गुबगुबीत खुर्च्या, आन् जेवाण म्हंजी गारढोण सँडविच! भाकर नाय, ठेचा नाय. तरी रागारागानं खातच बसलो. फी वसूल करायची व्हती ना!

तेवढ्यात एक बाई पळत आली. "सर, तुमच्यासाठी विमान थांबलंय!"

सांगणार व्हतो, बाई, जाऊ द्या त्याला. पण तिकिटाचे पैसे गेलेच व्हते. म्हणलं, ढगाच्या वर काय असतंय ते बघू तरी!

संध्याकाळी मंदाचा फोन.

"जेवलात का?"

"जेवलो."

"मंग ट्रकात बसलात का नाय?"

"ट्रक वाशीला हाय. मी नागपूरला हाय."

मग हळूच म्हणली, "तिथं कोण हाय आपलं?"

"कुणी नाय."

एस्टीनं हाडं खिळखिळी करून घेत घरी आलो. मंदा दारातच. हात पुढं केला. "कार्ड द्या."

निमूट दिलं.

मग दुसरा हात पुढं केला. "आता माझा आडकित्ता द्या."

ते कार्ड अजून साबूत हाय बघा. फी बी दरसाल भरतोय. कापणार कशानं?