दिव्याच्या तेलाची बाटली

करडीच्या तेलाचा जुनाट वास आला की अजूनही मी नाकाला पदर लावते. ताज्या तेलाचं न्हाई म्हणत मी. त्यात तर जन्मभर भजी तळली. मी म्हणते ते दिव्यात जळून उरलेलं तेल. काळपट, चिकट, तळाशी वातीची काजळी. एकदा तर त्यात पतंगाचा पंख निघाला होता. ते तेल मी नऊ वर्षं अंगाला लावलं. अंगाला म्हणजे कुठं, ते बायकांनी समजून घ्यावं. पुरुषांनीही घ्यावं, त्यांच्यावाचून ते लावायचं कामच नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा लग्नाला चारच महिने झाले होते. तिकडं किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. आम्ही लातुरात, म्हणून वाचलो. भिंतींना तडे गेले तेवढंच. पण घरात झोपायची छाती कुणाची? अंगणात पत्र्याचं शेड उभं केलं आणि पुढचं दीड वर्ष सगळं घर त्यात. सासू-सासरे, दोन नणंदा, आणि कोपऱ्यात साडीचा आडपडदा बांधून आम्ही दोघं. पत्रा जरा वाजला की माझं अंग लाकूड व्हायचं.

पुढं घर दुरुस्त झालं, आडपडदा गेला, पण अंगाची खोड गेली न्हाई. हे जवळ आले की सगळं कोरडं ठक्क. आग व्हायची, मी दात आवळून घ्यायची. हे भले माणूस, गुमान बाजूला व्हायचे. मग पोर कुठून होणार?

तिसऱ्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, मला भाजी निवडताना हळूच विचारलं, "तरास होतो का गं?" लाजेनं मान वर होईना. मी म्हटलं, "हाव." आठ दिवसांत त्या गावाकडं जाऊन आल्या, पिशवीत बाटली घेऊन. देवीच्या अखंड दिव्यातलं उरलेलं तेल गुरव डब्यात साठवून ठेवायचा, ते.

"दर टायमाला लावायचं, चुकायचं न्हाई. कोरडेपणा जाईल अन् कूस बी उजवंल."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. त्यांच्या गावात बायका तेच करत आल्या होत्या. आणि खरं सांगू? त्रास कमी झाला. तिथंच फसले मी. आग थांबली म्हणून वाटलं, गुण आला.

तोवर लातुरात क्लासचं पेव फुटलं. आम्हीही वर चार खोल्या काढल्या, डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी ठेवल्या, त्यांचे डबे मीच करायची. घर पोरींनी गजबजलेलं. मोकळं मिळायचं ते दुपारी बारा ते दोन, पोरी क्लासला गेल्या की. आमचा संसार क्लासच्या टाईमटेबलवर चालायचा, हसा खुशाल. सकाळभर तेलात हात, दुपारी पुन्हा तेल. चादरीला पिवळे डाग, साबणानं न जाणारे. उशीला वास, माझ्या नखांत वास. हे तोंड फिरवून श्वास धरायचे, मीही धरायची. दोन माणसं श्वास कोंडून पोर मागून राहिलीत देवीकडं! विचार केला तरी शिसारी येते.

शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. लातुरात गेलो असतो तर गल्लीभर झालं असतं. बाईंनी सगळं विचारलं आणि मग सरळच म्हणाल्या, "जवळ येताना काही लावता का?"

ह्यांनी छताच्या पंख्याकडं बघितलं. मी पर्समधून बाटली काढली. आत्याबाईंनी सोबत दिली होती, परगावी राहायची वेळ आली तर खंड नको म्हणून.

बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि बाटली हातभर लांब ठेवली. "हे? किती दिवस?"

"नऊ वर्षं."

"अहो ताई, पुरुषाच्या बीजाला पोहत जावं लागतं. तेलात ते रुततं, पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतते तसं. त्यात हे जळकं, घाण. हेच कारण आहे असं छातीठोक सांगत नाही, दोघांच्या तपासण्या करू. पण हे आजपासून बंद."

तेव्हा ह्यांना कंठ फुटला. "मग... थुंकी चालंल का?"

"थुंकी नको. खोबरेल नको. मेडिकलमधली साधी जेलीही नको, तीसुद्धा बीजाला मंद करते." त्यांनी टेबलाच्या खणातून एक ट्यूब काढली. "ही वेगळी आहे, मूल हवं असणाऱ्यांसाठीच केलेली. बीजाला धक्का लावत नाही. इथं मिळत नाही अजून, माझी बहीण परदेशातून आणते."

परतीच्या एस्टीत अहमदपूरच्या अलीकडं मी खिडकीतून ओकले. नऊ वर्षं पोर मागत होते आणि त्याचीच वाट आपल्या हातानं लिंपत होते, हे डोक्यातून जाईना.

त्या ट्यूबमधलं जेल पाण्यासारखं, बिनवासाचं. पहिल्या दुपारी त्याला वासच न्हाई म्हणून मला रडू आलं. तपासण्यांत दोघांचंही काही निघालं न्हाई. त्यानंतर आठव्या महिन्यात मला दिवस गेले. ट्यूबमुळंच, असं मी म्हणत न्हाई. पण तेल सोडल्यावर, एवढं खरं.

आत्याबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. बाटली ट्रंकेत लपवली होती. देवीचं तेल मोरीत कसं ओतणार? त्यांनी गल्लीत पेढे वाटले, "देवीच्या तेलानं दिलं!" आणि मी गप्प बसले. तिथून खरी घाण सुरू झाली. बायका बाटल्या घेऊन यायला लागल्या. आत्याबाईंनी गुरवाकडून अख्खा डबा मागवला आणि माझ्याच स्वयंपाकघरात नरसाळं लावून ओतून द्यायच्या. तिघीजणी घेऊन गेल्या. मी बघत राहिले. तेलाची किळस कमी, माझीच जास्त यायला लागली.

चौथी आली ती मागच्या गल्लीतली नवी सून, शाळेत शिकवणारी. खोकल्याच्या औषधाची बाटली स्वच्छ धुऊन आणली होती तिनं. माझ्या मांडीवर लेक पीत होती. तिच्याकडं बघत ती म्हणाली, "काकू, तुम्हाला याचाच गुण आला ना? आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली."

आत्याबाई शेजारीच, हातात नरसाळं. बोलावं तर त्यांची गल्लीत नाचक्की. न बोलावं तर हिची वर्षं माझ्यासारखीच तेलात जाणार.

"न्हाई बाई," मी म्हटलं. "नऊ वर्षं लावलं तवा काही झालं न्हाई. सोडलं, अन् मग राहिलं."

"काय बोलून राहिलीस तू?" आत्याबाई.

"खरं बोलून राहिले आत्याबाई. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी बंद करायला लावलं." आणि बीज कसं रुततं ते सगळं सांगून टाकलं, सासूसमोर, पदर सावरत, कान तापलेले.

मला वाटलं आता भांड्यांची आदळआपट होणार. पण त्या खालीच बसल्या. नरसाळं मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मीबी हेच लावलं. मला पयलं पोर सातव्या वर्षी झालं. तवर माझी सासू ह्यांच्यासाठी दुसरी बायको बघून राहिली होती."

मी त्या पोरीला डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. आत्याबाईंनी डबा जवळ ओढला, झाकण काढलं आणि नाक आत घातलं. आजवर त्यांनी त्याला देवीचं म्हणून कपाळ टेकवलं होतं, वास कधी मनावर घेतला नसावा. त्यांचं तोंड वाकडं झालं. पदराच्या टोकाला बोटं पुसत राहिल्या, पुसत राहिल्या, आणि मी उठून डब्याचं झाकण लावून टाकलं.