करिबसप्पाचा पाव तास

करिबसप्पा मिस्त्री आणि मी दावणगेरेत गेली सव्वीस वर्षं शेजारी आहोत. त्याचं गॅरेज, माझं स्पेअर पार्टचं दुकान, मध्ये एक भिंत. मी मिरजेहून आलो तेव्हा मला कन्नडात धड पाणी मागता येत नव्हतं. ते त्यानं शिकवलं, शिव्यांसकट. माणूस चांगला, पण हेकट. गाडी तपासायचं नवं यंत्र त्याच्या पोरीनं आणून दिलं, ते फळीवर धूळ खातंय. हा आपला धुराच्या नळीत बोट फिरवणार, अंगठ्यानं चोळणार आणि हुंगणार.

"निळा धूर आला तर ऑइल जळतंय," तो गिऱ्हाइकांना सांगतो. "काळा आला तर डिझेल जास्त, नाहीतर हवा कमी. एवढं कळलं की माझ्याकडे यायचं कारण नाही." तरी येतात बिचारे.

आपल्या खंडेनवमीला इथे आयुधपूजा. त्या दिवशी तो पाने, पकडी, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडतो, कुंकू लावतो, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत हात लावत नाही. सगळी गल्लीच लावत नाही म्हणा. पण ह्याची गोष्ट वेगळी. एका वर्षी एक लॉरीवाला फारच गयावया करायला लागला म्हणून ह्यानं पाटावरचा जॅक उचलला. जॅक सटकला आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून लंगडतो.

तीन वर्षांपूर्वी त्याच दिवशी, दुपारी, कोहळा फोडून आम्ही दोघं चुरमुरे-खोबरं खात बसलो होतो. ओळखीच्या कोट्रेशची जुनी डिझेल टॅक्सी आली. आली म्हणजे रांगत आली. मागे हा काळाकुट्ट धूर. मागच्या सीटवर त्याची आई हालम्मा. तिचा भाऊ जगळूरला शेवटच्या घटका मोजत होता आणि सकाळपासून बहिणीचं नाव घेत होता.

"मिस्त्री, गाडी ओढतच नाही," कोट्रेश म्हणाला. "एसटीत पाय ठेवायला जागा नाही, रिक्षावाले तेवढ्या लांब येईनात. काहीतरी करा."

"आज हत्यार नाही," करिबसप्पा म्हणाला. "नुसत्या हातानं बघतो."

त्यानं नळीत बोट फिरवलं. कोरडी काजळी. "हवा कमी पडतेय." फिल्टरच्या डब्याला क्लिपा होत्या, त्या नखानं उघडल्या. फिल्टर नवाकोरा. तो बाहेर काढून गाडी चालू करायला लावली, तरी धूर तेवढाच. मग इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर त्यानं तळहात ठेवला.

"बघ, हात ओढून घ्यायला पाहिजे इथे. हिला श्वासच येत नाहीये. काल काय केलंस गाडीला?"

"धुतली. पूजेसाठी."

"कशी?"

"पंपानं. बॉनेट उघडून. फिल्टर भिजू नये म्हणून काढून ठेवला, आणि पाइपात..." कोट्रेशनं कपाळावर हात मारला. "चिंधी कोंबली होती. बायकोच्या जुन्या साडीची."

"आणि तशीच फिल्टर चढवून, हार घालून मोकळा झालास. शहाणा आहेस."

चिंधी आत ओढली जाऊन पाइपाच्या वळणावर बसली होती. बाहेरून दाबलं तर गोळा लागत होता, पण वरून बोट पोहोचेना. वायर घातली तर आणखी आत सरकली. आता पाइप काढायचा तर त्याचा पट्टा ढिला करायला हवा, आणि पट्ट्याला गंजका स्क्रू.

पाटावर आठ स्क्रू ड्रायव्हर झेंडूखाली झोपले होते. करिबसप्पानं तिकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. मी म्हणालो, "हात लावू नको बाबा. एकदा झालं तेवढं पुरे."

त्यानं दोन रुपयांचं नाणं लावलं, ते घसरलं. कोट्रेशच्या जेवणाच्या डब्यातल्या चमच्याची कड लावली, ती वाकली. नख लावलं, तुटलं. मागच्या सीटवरून हालम्मा एकदाच म्हणाली, "व्हायचंय का अजून?" असा पाव तास गेला. शेवटी तो उठला, लंगडत पाटापाशी गेला, हात जोडले आणि एक स्क्रू ड्रायव्हर उचलला. पुढचं काम दोन मिनिटांचं. पाइप निघाला, चिंधी निघाली, गाडीनं एकदा काळं ओकलं आणि मग धूर स्वच्छ झाला. गाडी गेली. ह्याला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत मी त्याच्या हातापायांकडे बघत होतो, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी हालम्मा गॅरेजात आली. "तुझ्यामुळे पोहोचले रे," म्हणाली. "अंग कोमट होतं अजून. डोळे मीच मिटले. पाव तास आधी गेला म्हणाले."

मला वाटलं हा गप्प बसेल. पण तो म्हणाला, "अक्का, तो पाव तास मी खाल्ला. आधीच उचलायला पाहिजे होतं. भ्यालो मी."

"मला काय दिसत नव्हतं?" हालम्मा म्हणाली. "समोरच तर बसले होते. घे म्हणायला चारदा तोंड उघडलं. पण म्हटलं, आपल्या भावापायी ह्याचा दुसरा पाय जायचा. मीही भ्याले."

करिबसप्पा सगळ्यांसमोर रडला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी आपला भिंतीला टेकून उभा होतो. त्या भिंतीपलीकडे, माझ्या दुकानात, विकायला आणलेले डझनभर नवे स्क्रू ड्रायव्हर त्या दिवशीही खोक्यात होते. त्यांना कुंकू लागलेलं नव्हतं, हार घातलेला नव्हता. पूजा करून खाली ओढलेलं शटर तेवढं वर करायला हवं होतं. त्या दोघांनी आपापली भीती बोलून टाकली. मी त्या दिवशी बोललो नाही, आणि तिच्यासमोरही नाही.