सोन्याशेजारी ठेवलेला थेंब

"जिवंत आहे ना रे?"

फोनवर बाईंचं पहिलं वाक्य हेच असायचं. नाव नाही, नमस्कार नाही. मी तेव्हा सहारच्या एअर कार्गोत एका क्लिअरिंग एजंटाकडे नोकरीला होतो. परदेशातून आलेला लोकांचा माल कस्टमच्या तावडीतून सोडवून द्यायचा, हे आमचं काम. आमच्याकडे आखातातून शवपेट्याही यायच्या, त्यामुळे हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी बोबडीच वळली. "कोण जिवंत, बाई?" मी चाचरत विचारलं. "माझा खोका रे! कोण म्हणजे काय?" पलीकडून खेकसून उत्तर आलं.

शास्त्रज्ञ म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि विस्कटलेले केस येतात. आमच्या बाई मुलुंडहून दोन बसगाड्या बदलून यायच्या. अंगावर सुती साडी, पायात रबरी चपला आणि खांद्याला आइस्क्रीमवाल्याची असते तशी पेटी. त्या पेटीत मरोळच्या एका आइस्क्रीमच्या कारखान्यातून मागून आणलेला कोरडा बर्फ असायचा. बसमध्ये पोरं विचारायची, "मावशी, कुल्फी केवढ्याला?" बाई गंभीरपणे सांगायच्या, "संपली रे राजा." एकदा तर कंडक्टरनेही विचारलं होतं म्हणे.

त्यांची संस्था कॅन्सरवर संशोधन करायची. पेशीच्या पोटात, पार रेणूंपर्यंत उतरून, नेमकं काय बिघडतं ते शोधायचं. त्याला लागणारी औषधं परदेशातून बर्फात यायची आणि वाटेत बर्फ संपला की निकामी व्हायची. "निकामी" हा शब्द मात्र बाईंनी कधी वापरला नाही. त्या म्हणायच्या, "मेलं."

एकदा कस्टमच्या साहेबांनी खोका आपल्यासमोर उघडायला लावला. साहेब विदर्भातले, अंगाने आडवे आणि संशयाने भरलेले. खोक्यात पिशवी, पिशवीत डबी, डबीत करंगळीच्या पेराएवढी नळी. नळीच्या तळाशी एक थेंब.

"बाई, माल कुठं आहे?"

"हाच."

"हा? अन् किंमत एवढी? गंमत करता काय आमची?"

बाई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, या थेंबात कात्र्या आहेत. आपल्या पेशीत आईबापांकडून आलेला एक लांबच लांब धागा असतो. ही कात्री तो ठरावीक जागीच कापते. तुकडे मांडून बघितले की बिघाड कुठे आहे ते कळतं."

"मग कॅन्सर बरा होते?"

"नाही. नुसतं कळतं."

"नुसतं कळून काय करायचं?"

बाईंनी नळी पुन्हा डबीत ठेवली. "कधीकधी तेवढंच करता येतं, साहेब."

साहेबांची आई त्याच रोगाने गेली होती, हे आम्हाला मागाहून समजलं. त्या दिवसापासून साहेब बदलले. बाई आल्या की खुर्ची, चहा, वर खारी बिस्किटं. हमालांना दम भरायचे, "हळू ठेव बे, सोन्यापेक्षा महाग आहे ते!" मला तर या प्रकाराची मजा वाटायची. बाकीच्या माझ्या गिऱ्हाइकांना साहेब साधं बघायचेही नाहीत.

बाईंचं दुसरं काम मला उशिरा कळलं. कँटीनमध्ये चहा पिताना त्यांनी ते सांगितलं, तेही बशीकडे बघत. मालवणकडचं त्यांचं घराणं. त्या घरात चाळिशी उलटली की काहींचे हातपाय ऐकेनासे होत. आधी बोटं वळवळत, मग सगळं अंग, मग डोकंही जाई. वडील तसेच गेले, काका गेले, आता धाकटा भाऊ अंथरुणावर होता. आईबापांपैकी एकाला असलं की मुलांतल्या निम्म्यांना ते येऊ शकतं. संस्थेचं काम उरकलं की नळीत जे उरेल त्यातून बाई, वरिष्ठांच्या परवानगीने, आपल्याच घरच्यांच्या रक्तात त्या रोगाची खूण शोधत होत्या.

"तुमचं स्वतःचं?" मी विचारून गेलो.

"माझं मला नाही बघायचं. माझं झालं जगून. मला भावाच्या पोरीचं सांगायचंय."

ही भाची घाटकोपरला दिलेली. तिला दिवस गेले होते आणि ती आत्याच्या मागे लागली होती, मला ते आहे की नाही तेवढं सांग, म्हणजे हे मूल ठेवायचं की नाही ते ठरवते. खूण कुणाकडून कुणाकडे गेली ते जुळवून भाचीचा हिशेब लावायला चुलत घराण्याचं रक्त हवं होतं आणि त्यांनी दोन वर्षं बाईंना दारात उभं केलं नव्हतं. मुलींची लग्नं व्हायचीत, गावात बोभाटा नको. शेवटी एका चुलतभावाने गुपचूप हात पुढे केला. आता सगळी रक्तं हाताशी होती, फक्त कात्री यायची होती. आणि डॉक्टरांनी भाचीला सांगितलं होतं, ठरवायचं ते लवकर ठरवा.

खोका मे महिन्यात आला, शुक्रवारी संध्याकाळी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी. मी घाबरलो नाही, कारण कार्गोत थंड खोली होती आणि खोका तिथेच जाणार होता. शनिवारी सकाळी खोक्यात नवा बर्फ भरायला बाई पेटी घेऊन आल्या. आम्ही थंड खोलीत शोधलं. खोका नव्हता. तिथल्या माणसाने वही पाहिली आणि अभिमानाने सांगितलं, "तो होय? साहेबांनी जाताना खास स्ट्राँगरूममध्ये ठेवायला लावलाय. सोन्याबरोबर."

स्ट्राँगरूम म्हणजे खिडकी नसलेली, वर पत्रा असलेली खोली. दाराला दोन कुलुपं, किल्ल्या दोन वेगळ्या साहेबांकडे. बाईंनी फक्त दाराला हात लावून पाहिला. दार तापलं होतं.

एक किल्लीवाले साहेब बोरिवलीला राहायचे. ते बिचारे लगेच निघायला तयार झाले. दुसरी किल्ली आपल्या विदर्भाच्या साहेबांकडे. शेजारी म्हणाले, मुलाबाळांना घेऊन मनोरीच्या समुद्रावर गेलेत. मी मार्व्याहून बोटीने पलीकडे गेलो. भर उन्हात कोळ्यांची घरं, भाड्याच्या कॉटेजेस, किनाऱ्यावरची झाडं, सगळं पालथं घातलं. पोरांना बुडवून काढणारा प्रत्येक जाडा माणूस मला साहेब वाटत होता. साहेब तिथे नव्हतेच. ते उत्तनला होते, हे मंगळवारी त्यांनीच मला हसत सांगितलं.

परत आलो तर बाई स्ट्राँगरूमसमोरच्या बाकावर बसलेल्या. पेटीतला कोरडा बर्फ दाराच्या बाहेर विरत चालला होता आणि खोका दाराच्या आत. त्या वॉचमनला विचारत होत्या, "भिंतीला तरी लावून ठेवू का रे?" वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. मग बाई माझ्याशी मालवणीत बोलल्या, एरवी तशा कधी बोलत नसत. "आता काय करूचा रे? तू सांग, काय करूचा?" इतकं निरुपयोगी मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

त्या तिन्ही दिवस येऊन बसल्या. रोज नवा बर्फ घेऊन.

मंगळवारी साहेबांनी स्वतः कुलूप काढलं. चेहरा कसा फुललेला! "पाहा बाई, कुठं ठेवला होता तुमचा माल! सोन्याच्या विटांशेजारी. मुंगी शिरत नाही इथं." मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो देव जाणे, नोकरीच गेली असती. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "आभारी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "त्यांना सांगायचं नाही हां. त्यांनी जपलं होतं."

दोन दिवसांनी फोन आला. या वेळी प्रश्न नव्हता. "मेलं रे."

पुढचा खोका यायला दीड-दोन महिने लागणार होते. भाचीजवळ तेवढे दिवस नव्हते. बापाचे हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिने घाटकोपरच्या एका दवाखान्यात जाऊन मोकळं करून घेतलं. आत्याला नंतर कळवलं.

पुढचा खोका विमानातून उतरल्या उतरल्या मी ताब्यात घेतला. कात्री चालली. काही आठवड्यांनी बाई आमच्या ऑफिसात आल्या आणि टेबलाशी उभ्याच राहिल्या.

"तिला नाही रे. तिच्यात ते आलेलंच नाही."

"मग चांगलंच झालं की!" मी म्हणालो, आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं.

"तिला नाही, म्हणजे पोटातल्यालाही नव्हतं," बाई म्हणाल्या. "हे आता मी तिला सांगू की नको?"

मी म्हणालो, सांगा, पुढे मूल होईल तेव्हा तिला धास्ती राहणार नाही. बाई टेबलावर डोकं टेकून रडल्या. सहीसाठी थांबलेली माणसं मान वळवून उभी राहिली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, उगाच कशाला लपवू.

बाईंनी तिला सांगितलं. भाचीने शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि जिन्यापर्यंत सोडायलाही आली. नंतर तिने आत्याशी बोलणं बंद केलं.

दीडेक वर्षाने बाई पेढ्यांचा पुडा घेऊन कार्गोत आल्या. भाचीला मुलगा झाला होता. साहेबांनी दोन पेढे एकदम तोंडात टाकले. त्यांना एवढंच माहीत होतं की बाईंच्या घरातलं काहीतरी त्या थेंबावर अडलं होतं. "म्हणजे आपण स्ट्राँगरूममध्ये ठेवलं होतं त्याचं काम झालं तर!"

"झालं ना, साहेब," बाई म्हणाल्या.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. त्यानंतर त्या आल्या नाहीत. खोके न्यायला संस्थेचा एक तरुण मुलगा येऊ लागला. बाई नोकरी सोडून भावाचं करायला गावी गेल्या, असं त्याने सांगितलं.

त्या दिवशी गेटपाशी मी सहज विचारलं होतं, "बाळ कुणावर गेलंय?"

"मी नाही अजून बघितलं. बारशाला बोलावलं नव्हतं मला."

"मग पेढे कुणी दिले?"

"कुणी देणार? कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत घेतले," बाई म्हणाल्या. "मला आनंद झाला होता रे."