बटणकाकांची शिंक

पांढरे शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात बटणं लावायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे बटणकाकाच म्हणत. बायकोसुद्धा. हातात कसब होतं, पण नाक मात्र सात जन्मांचं वैरी. खिडकीखाली ट्रकांचा रस्ता. धूर वाढला की काकांना शिंका यायच्या, आणि शिंक आली की सुई जाईल तिकडे बटण. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तर पाठीवर बटण निघालं. बिचाऱ्याने ते लावायचा प्रयत्नही केला म्हणे.

मालकांचा पारा चढला. "काका, आज एक जरी बटण वाकडं लागलं ना, तर उद्यापासून घरी बसा!"

घरी बसायचं म्हणजे दिवसभर काकूंसमोर बसायचं. त्यात धूर असा, की समोरचा शिंपी खोकला तेव्हा कुठे तो कामावर आलाय हे कळलं.

हवा साफ करणारं यंत्र कारखान्यात नव्हतं असं नाही. होतं की! पण तयार शर्टांच्या खोलीत. शर्टांवर काजळी बसायला नको ना! माणसांचं काय, माणसं धुता येतात, असं मालकांचं शास्त्र. त्या खोलीत माणसांना सक्त मज्जाव.

काका बिनबटणांच्या शर्टांचा गठ्ठा घेऊन गुपचूप आत शिरले. कुणी पाहू नये म्हणून अंगात एक पांढरा शर्ट चढवला, टांगलेल्या शर्टांच्या रांगेत स्टूल ठेवलं आणि कामाला लागले. शिंक नाही, खोकला नाही, हात नुसता पळत होता. कितीतरी वर्षांनी काकांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी गिऱ्हाइकाला दाखवायला शर्ट हवा म्हणून मालक आत आले. त्यांनी रांगेतली एक बाही ओढली, तर आत हात! मालक किंचाळले. सोबतीला काकाही किंचाळले.

"तुम्ही? इथे? कुणाला विचारून?" पुढचं तोंडसुख घ्यायला मालकांनी दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. सकाळपासून ठणकणारं डोकं चक्क हलकं झालं होतं.

काकांनी शर्टांचा गठ्ठा पुढे केला. एकही बटण वाकडं नव्हतं.

"मग... उद्या येऊ ना?"

"या. बाकीच्यांनाही इथेच घेऊन या," मालक म्हणाले. "शर्ट टांगू बाहेर. ते धुता येतात. आता जरा सरका."